दोगली नस्ल

‘संकर’ हा शब्द मराठीत कुठे उच्चारला जातो त्यावर त्याची इज्जत ठरते. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर तो मानाचा आहे. पाकिटावर ‘संकरित’ छापलं की मक्याच्या बियाण्याची किंमत वाढते आणि शेतकरी ती निमूटपणे मोजतो. गोठ्यात संकरित गाय असली की शेजारी आधी दुधाचा आकडा विचारतात. हाच शब्द माणसांकडे वळला की मात्र चेहरे बदलतात. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाला ज्या गोष्टींची धास्ती वाटते त्यांत वर्णसंकर आहे. त्याचा इंग्रजी भाऊ ‘हायब्रीड’. 1964 साली सीएसएच-1 हे ज्वारीचं वाण आलं आणि पुढच्या काही वर्षांत हा शब्द खेड्यापाड्यांत पोचला. त्या ज्वारीने लोकांची पोटं भरली आणि आपण तिच्या नावाची शिवी केली. बेचव वांगं हायब्रीड, दोन मजले चढून दमणारं पोरगं हायब्रीड.

उर्दूही काही वेगळी नाही. ‘दोगला’ म्हटलं की हाणामारी होते. पण उर्दूतल्या शेतीच्या लिखाणात मक्याच्या ‘दोगली अक्साम’ म्हणजे साधी संकरित वाणं, कुणालाही राग न येता छापलेली. मी या दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे असे शब्द गोळा करायची सवय आहे. एरवी हेही वहीत राहिलं असतं. पण गेली चार वर्षं माझा भाचा मांसासाठी ससे पाळतो आणि ‘जात’, ‘नस्ल’, ‘शुद्ध’, ‘मिक्स’ हे शब्द आमच्या घरात रोज, हिशेबाच्या भाषेत बोलले जातात.

भाचा म्हणजे थोरल्या आपाचा मुलगा. आयटीआय करून पुण्याला कारखान्यात लागला, कंत्राट संपलं, परत आला. मिरजेपासून जवळच आमचं गाव. घरामागे अर्धा गुंठा मोकळी जागा. त्या सुमारास ससेपालनाचे करार करणाऱ्या कंपन्या गावोगाव फिरत होत्या. दहा सशांचं ‘युनिट’ घ्या, सात माद्या आणि तीन नर; पिल्लं आम्हीच परत घेऊ, भाव आजच लिहून देतो. आपाने बांगड्या गहाण ठेवल्या आणि चार युनिटं आली. न्यूझीलंड व्हाइट, दुधासारखे पांढरे, गुलाबी डोळ्यांचे. (नाव न्यूझीलंडचं, पण ही जात तयार झाली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात. नावावर जाऊ नये, हे सशांनाही लागू आहे.) पहिली दोन वेतं कंपनीने नेली. नंतर गाडी यायची थांबली, मग फोन बंद झाला. हे इतक्या जणांचं झालेलं आहे की त्यात नवल नाही. ज्यांनी तेव्हा ससे विकून टाकले ते सुटले. भाच्याने ठेवले. गहाण बांगड्यांचं व्याज चालू होतं आणि त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतं.

ससा हा हिशेबाचा प्राणी आहे. मादी 31 दिवसांत विते. तिला शेळी-गाईसारखा माजाचा ठरावीक दिवस नसतो. नराचा संग झाला की त्यानंतर दहा-बारा तासांनी बीज सुटतं. मादी नराच्या पिंजऱ्यात न्यायची, उलट नाही, नाहीतर ती आपल्या घरात आलेल्याला फाडते. अट्ठाविसाव्या दिवशी खोकं ठेवायचं, मग ती छातीवरचे केस उपटून गादी करते. पिल्लं उघडी, आंधळी, प्रत्येकी पन्नास-साठ ग्रॅमची. आई दिवसातून एकदाच, तीन-चार मिनिटं पाजते आणि निघून जाते. आपाला हे पहिल्यांदा पाहवलं नव्हतं. सगळं नीट झालं तर एका वेताला सात-आठ पिल्लं आणि आपल्याकडच्या चाऱ्यावर बाराव्या आठवड्यात दोन किलोच्या आसपास वजन.

नीट होत नव्हतं. दुसऱ्या वर्षी वेतं सहावर आली, मग पाचावर, एखादं चारावर. पिल्लं मरायची, जगलेली हळू वाढायची. भाच्याने खुराक बदलला, लसूणघास वाढवला, सुबाबूळ कमी केला, पिंजरे जाळून निर्जंतुक केले. कारण खुराकात नव्हतं. ‘युनिट’ म्हणून आलेले दहा ससे दोन-तीन आयांचीच लेकरं असणार. भाच्याने त्यांच्याच लेकींवर त्यांचेच भाऊ सोडले होते. शुद्ध पांढरी जात, एक केस इकडचा तिकडे नाही, आणि आतून पोकळ होत चाललेली. जवळच्या रक्तात पैदास केली की दोष असलेली तीच जनुकं दोन्हीकडून येतात आणि जोडीने बसतात. त्याचा पहिला फटका बसतो तो वेताच्या आकाराला आणि पिल्लांच्या जगण्याला. वजनाला नंतर.

एका निवृत्त पशुवैद्यांनी सांगितलं, वेगळ्या रक्ताचा नर आण, शक्यतो वेगळ्या जातीचाच. भाच्याने दोन करडे नर आणले, सोव्हिएत चिंचिला. या जातीचा इतिहासच संकराचा. चिंचिला हा मुळात दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला उंदराच्या कुळातला प्राणी. मऊ कातडीपायी माणसाने तो जवळजवळ संपवला. फ्रान्समध्ये त्याच्या रंगाचा ससा तयार केला गेला, 1913 साली तो पहिल्यांदा प्रदर्शनात आला. पुढे रशियन लोकांनी तो छोटा ससा अंगापिंडाने मोठ्या पांढऱ्या सशाशी मिसळला आणि चार-साडेचार किलोचा करडा ससा मिळवला. तोच भारतात आला.

पांढऱ्या माद्यांना करडे नर दाखवले. पहिल्या वेतांत एकही पांढरं पिल्लू नाही. सगळी करडी, आणि सात-आठच्या घरात. त्यातलीही बहुतेक जगली. आपाने मोहल्ल्यात बर्फी वाटली.

त्या करड्या लेकी मोठ्या झाल्या. वेगळ्या वेतांतल्या, दुसऱ्या नराच्या करड्या मुलांशी त्यांची जोडी लावली. एके सकाळी भाच्याचा फोन. “मामू, ये सफेद कां से आए?” करडा बाप, करडी आई, आणि खोक्यात पांढरी पिल्लं. पांढरी तर होतीच, वर काही चक्क काळी. काळा ससा आम्ही कधी विकत घेतलाच नव्हता. भाच्याला संशय आला की रात्री कुणाचा तरी नर आत शिरला. गावात दुसरा ससा कुणाकडे नव्हता, हे त्याच्या रागाला सुचलं नाही.

माझी बायको विज्ञान शिकवते. ती गेली, खोकी उघडली आणि मोजलं. चार वेतांत एकतीस पिल्लं: अठरा करडी, पाच काळी, आठ पांढरी. तिचा चेहरा इतका खुलला की भाच्याला वाटलं मुमानी आपली थट्टा करते आहे. खाद्याच्या रिकाम्या पोत्यावर खडूने तिने चौकट आखली. शाळेच्या पुस्तकात असते तीच, चारची नाही, सोळा घरांची. ती चौकट ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते रेजिनाल्ड पनेट केंब्रिजमध्ये प्राध्यापक होते आणि त्यांनी स्वतः सशांवर काम केलं आहे, हे तिनेच मला सांगितलं.

“पांढरा हा रंग नाही,” ती म्हणाली, “पडदा आहे.” न्यूझीलंड व्हाइटच्या अंगात रंगाची जनुकं असतातच, फक्त रंग बनू न देणारं जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं की ती झाकली जातात. करड्या नराने एक चालू जनुक दिलं, पडदा उठला, सगळी पिल्लं रंगीत. पण प्रत्येक करड्या पिल्लात आईचं पडद्याचं एक जनुक दडून राहिलं. अशी दोन भेटली की चौथा हिस्सा पांढरा. आणि काळा? तो पांढऱ्या आजीच्या अंगात पडद्याआड बसलेला होता. करड्या केसावर जे काळे-पांढरे पट्टे असतात ते पाडणारं जनुक करड्याने दिलं होतं, आजीकडून मात्र पट्टे न पाडणारं आलं. तेही नातवंडांत जोडीने जमलं की केस सबंध काळा. सोळांत नऊ करडी, तीन काळी, चार पांढरी, असं गणित. एकतीसांत अठरा, पाच आणि आठ. बायको आजही ते आकडे नववीच्या वर्गात सांगते, वाटाण्यापेक्षा पोरांना जास्त पटतात.

इथवर मजा होती. पुढचा भाग मजेचा नव्हता, कारण त्याच नातवंडांच्या वेतांत पिल्लांची वाढ आणि जगणं पुन्हा उतरलं होतं. पहिल्या करड्या पिढीइतकं ते चांगलं नव्हतं. रंग सगळ्यांना दिसले, हे फक्त वहीत दिसलं.

सशाच्या तीन गोष्टी माणूस सुधारू पाहतो: रंग, वजन आणि वेत. या तिन्ही अगदी वेगळ्या वाटेने उतरतात. रंग दोन-चार जनुकांचा खेळ, चौकटीत मावतो. वजन अनेक जनुकांचं मिळून. मोठा आणि लहान मिसळला की पिल्लं साधारण मध्ये येतात, आणि जड आईबापांची निवड करत गेलं की पिढीमागून पिढी वजन बऱ्यापैकी हलतं. वेताचं तसं नाही. एका मादीला नऊ झाली आणि दुसरीला सहा, तर त्या फरकातला जेमतेम दहावा हिस्सा लेकींकडे जाणारा असतो. बाकी सगळं वय, खुराक, ऋतू, खोक्यातली ऊब आणि नशीब. नऊवालीच्या लेकी निवडून वेत वाढवायला बसलात तर वर्षं जातात. पण दोन वेगळी रक्तं मिसळली की वेत आणि पिल्लांचं जगणं एकाच पिढीत उसळी मारतं. शेतकी पुस्तकांत याला संकरजोम म्हणतात. आणि तो सगळ्यात जास्त दिसतो तो संकरित मादीत, ती आई होते तेव्हा.

मात्र हा जोम साठवून ठेवता येत नाही. संकराची संकराशी गाठ घातली की पुढच्याच पिढीत निम्मा जातो. म्हणून फ्रान्समधले राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेचे लोक गेली पन्नासेक वर्षं काय करत आले? दोन जाती वेगवेगळ्या, निगुतीने सांभाळायच्या, एक न्यूझीलंडच्या रक्ताची, एक कॅलिफोर्नियनच्या. त्यांच्या संकरातून माद्या काढायच्या. त्या माद्यांवर तिसऱ्याच, वजनदार जातीचा नर सोडायचा. त्यातून येणारी पिल्लं सगळी बाजारात, एकही पैदाशीला ठेवायची नाही. संकरित मक्याचं बियाणं दर वर्षी नवं घ्यावं लागतं, त्यामागचं कारणही तेच.

मला यात एक गंमत वाटते. जातिवंतपणाचा अभिमान बाळगणारा आणि संकराची टिंगल करणारा, दोघेही इथे तोंडावर आपटतात. फक्त शुद्ध जात धरून बसलात तर ती आतून खंगते. सगळं एकदा कालवून टाकलंत तर पुढच्या वेळी मिसळायला वेगळं काही उरत नाही. आमच्या बिरादरीत स्थळं जुळवताना ‘हड्डी’ बघणारी बुजुर्ग मंडळी आहेत, त्यांना मी हे सांगायला गेलो नाही. सशांवरून माणसांचे फैसले करणाऱ्यांनी गेल्या शतकात काय केलं ते ठाऊक आहे. पण दुसऱ्या वर्षीची वेतांची ती वही मात्र मला त्यांच्यासमोर ठेवावीशी वाटली होती.

नवी जात करायची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कालवावं लागतं, पण नंतर वर्षानुवर्षं निवडत बसावं लागतं. कॅलिफोर्नियन ससा असाच झाला. जॉर्ज वेस्ट नावाच्या गृहस्थांनी 1923 च्या सुमारास काम सुरू केलं. मांस हवं आणि कातडंही चांगलं हवं. त्यांनी हिमालयन आणि चिंचिला मिसळून एक नर काढला आणि तो न्यूझीलंड व्हाइट माद्यांना लावला. अमेरिकेत त्या जातीला मान्यता मिळाली 1939 साली. अंग पांढरं, आणि नाक, कान, पाय, शेपूट काळी. ते काळं का, तर त्या जनुकाचा रंग फक्त थंडीत बनतो, आणि शरीराची टोकं थंड असतात. म्हणजे या सशाच्या अंगावर त्याच्या तापमानाचा नकाशाच असतो.

व्यापाराला मात्र पांढराच आवडतो. पांढरं कातडं हव्या त्या रंगात रंगवता येतं, आणि मांसावर चुकून राहिलेला पांढरा केस गिऱ्हाइकाला दिसत नाही. आमच्याकडे कातडी कुणी घेत नाही, त्यामुळे हा प्रश्न नव्हता. आमच्याकडे उलटा मोह आला. काळी पिल्लं पाहून सांगलीचा एक पाळीव प्राण्यांचा दुकानदार आला. सहा आठवड्यांच्या काळ्या पिल्लाला त्याने जो भाव दिला तो बारा आठवड्यांच्या मांसाच्या सशाला मिळत नव्हता. भाचा म्हणाला, काळेच काढू. महिनाभर घरात हाच वाद. माझं म्हणणं इतकंच होतं की रंगावर निवड करायला लागलास की वजनावरची निवड थांबते. सगळ्यात काळा ससा सगळ्यात जड असेलच असं नाही. आणि रंगाची हौस दोन सणांची असते. आपाने वाद मिटवला. म्हणाली, काळी झाली तर वीक, पण त्यांच्यासाठी पिंजरा अडवू नकोस. अजून तसंच चालतं.

मांसाचं गिऱ्हाईक मिळवणं याहून अवघड. हिंदू गिऱ्हाईक विचारतं, “गावरान आहे का?” गावरान ससा असा नसतोच. आपल्या माळावरचा रानससा हा वेगळा प्राणी. त्याची पिल्लं केसांसकट, डोळे उघडे घेऊन जन्मतात, त्याची गुणसूत्रं 48 आणि पाळीव सशाची 44, दोघांचा संकर होत नाही. आणि तो 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्याला हात लावला तर तुरुंग. रानसशाचा नर आणून देतो म्हणणारा एक जण भाच्याकडे खरोखर आला होता. त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

मुसलमान गिऱ्हाईक विचारतं, “खरगोश हलाल है क्या?” सुन्नी चारही मजहबांत हलाल आहे. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत हजरत अनस (रजि.) यांची रिवायत आहे: मक्केजवळ मर्रुज्जहरान इथे त्यांनी ससा पकडला, अबू तलहा (रजि.) यांनी तो जिबह केला, मांडीचं मांस नबी करीम (स.) यांच्याकडे पाठवलं आणि त्यांनी ते स्वीकारलं. शिया फिकहमध्ये मात्र ससा मना आहे, त्यामुळे मिरजेतल्या काही ओळखीच्या घरांत भाचा विचारायलाही जात नाही. आमच्या मशिदीच्या पेश-इमामांनी जुम्यानंतर दोन वाक्यांत विषय संपवला, तेव्हापासून शनिवारी-रविवारी दोन-चार घरं नेमाने नेतात. हायवेवरचे दोन ढाबेही घेतात. खर्च निघतो, व्याज निघतं. बांगड्यांतल्या दोन सुटल्या, दोन अजून बँकेत आहेत.

म्हणून पिंजऱ्यांचा प्रश्न मोठा. एकूण साठ. फ्रान्सच्या पद्धतीने जायचं तर निम्मे पिंजरे अशा सशांना द्यावे लागतात जे स्वतः फार कमवत नाहीत, पांढरी शुद्ध ओळ आणि करडी शुद्ध ओळ, केवळ पुढच्या वर्षी मिसळायला वेगळी राहावीत म्हणून. कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला हे पटवणं सोपं नाही. भाच्याने मधला रस्ता काढला. पांढऱ्या माद्या अठरा, त्यांना पांढरा नर. त्यातल्याच निम्म्यांना आळीपाळीने करडा नर, म्हणजे करड्या संकरित आया तयार. करडी ओळ सांभाळायची नाही, करडा नर दर दोन वर्षांनी बाहेरून घ्यायचा. संकरित आयांची पिल्लं सगळी विकायची. करडं पिल्लू कितीही गुबगुबीत दिसलं तरी पैदाशीला ठेवायचं नाही. हा शेवटचा नियम आपाकडून मोडतो. एका करड्या मादीला तिने ‘रानी’ नाव ठेवलंय.

उरला उन्हाळा. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. सशाला घाम येत नाही. तो कानांतून उष्णता सोडतो. ओली पोती, छतावर कडबा, दुपारी पिंजऱ्यात गोठवलेल्या पाण्याची बाटली, ती मिठी मारून झोपतात. तरी उन्हाचा तडाखा बसलेला नर पुढे महिना-दीड महिना कामाचा राहत नाही. दोन पांढऱ्या नरांपैकी एक गेल्या मे महिन्यात गेला. उरलेला आता आपल्याच नातींच्या पुढे उभा आहे, म्हणजे पुन्हा तेच जवळचं रक्त.

केंद्र सरकारच्या अविकानगरच्या मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं दक्षिणेतलं केंद्र तमिळनाडूत, कोडाईकनालच्या डोंगरात मन्नावनूरला आहे. मांसाच्या सशांवर तिथे काम चालतं, शेतकऱ्यांना पैदाशीचे ससे मिळतात. अर्ज इंग्रजीत लागतो, म्हणून तो लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी मजकुरात ‘उच्च प्रतीचे शुद्ध जातिवंत’ असं काहीतरी घालणार होतो. भाच्याने ते खोडायला लावलं आणि शेजारी बसून सांगितलं तेवढंच लिहिलं: न्यूझीलंड व्हाइट, दोन नर, दोन वेगळ्या आयांचे, कानावरच्या नंबरासह आणि आईबापांच्या नोंदीसह. उत्तर आलं की पाऊस सुरू झाल्यावर निघायचं, म्हणजे परतीच्या गाडीत त्यांना ऊन लागणार नाही.